लेकीचं इतिहासाचं पुस्तक आणि माझं बारा वर्षं बंद पडलेलं वाचन

रोजमेळ (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. घटक चाचणीच्या आदल्या आठवड्यात बाईसाहेब रोज रात्री अकरापर्यंत इतिहास वाचत बसलेल्या. इतिहास! ज्याचं नाव काढलं की हिला जांभया येतात तो. मी आपली खूश. खाकी कव्हर, वर लेबल, लेबलावर वळणदार अक्षरात 'इतिहास व राज्यशास्त्र'. तिसऱ्या रात्री डोक्यात उजेड पडला, की बालभारतीचं पुस्तक इतकं आखूड आणि इतकं जाडजूड कधीपासून यायला लागलं? उघडलं तर आत इंग्रजी कादंबरी. सुझन कॉलिन्स, 'द हंगर गेम्स'.

बोलणी यथासांग झाली. घरात कुठेही लपवलं तरी तिला सापडतंच, म्हणून पुस्तक जप्त करून माझ्या पर्समध्ये टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याहून पनवेल गाडी पकडली (ऑफिस सीबीडी बेलापूरला), खिडकी मिळाली, मोबाईल काढला तर चार टक्के. रात्री चार्जर लावला होता, भिंतीवरचं बटण दाबायचं राहिलं होतं. समोरची बाई झोपलेली, शेजारची मटार सोलतेय. म्हटलं, बघू तरी लेक काय वाचते. आईच्या कर्तव्यभावनेने, बरं का. वाचायचं म्हणून नाही.

दिघा गेलं, ऐरोली गेलं. पहिल्याच प्रकरणात एक हिशेब आला आणि मी अडकले. मी अकाउंट्समध्ये आहे, हिशेब दिसला की मला पुढे जाता येत नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅनेम नावाचा देश, मध्यभागी श्रीमंत कॅपिटॉल, भोवती बारा डिस्ट्रिक्ट. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून काढतात. या चोवीस जणांना एका बंदिस्त मैदानात सोडायचं, शेवटी एकच जिवंत राहायचा आणि हे सगळं टीव्हीवर. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशा अठराव्या वर्षापर्यंत सात. इथपर्यंत समान न्याय. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून माणशी वर्षभराचं धान्य आणि तेल घेता येतं, तेही जेमतेम. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी. आणि मागच्या वर्षीच्या चिठ्ठ्या निघत नाहीत, साठत जातात.

नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. ती सांगते, माझ्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत. मी बिलाच्या पाठीमागे मांडलं. वयाच्या पाच. घरात ती, आई, धाकटी बहीण, म्हणजे वर्षाला तीन जादा, पाच वर्षांच्या पंधरा. पाच अधिक पंधरा वीस. तिचा मित्र गेल अठराचा, घरात पाच माणसं, त्याच्या बेचाळीस. सात, अधिक पाच साते पस्तीस. ताळा जमला. बाईने आकडे हवेतून घेतलेले नाहीत.

आणि मग मी बिलाकडे बघत बसले, कारण हे मला माहीत होतं. लोकमान्य नगरला आमची खोली होती तेव्हा रेशनच्या रांगेत मीच असायचे, कार्ड, दोन कापडी पिशव्या आणि रॉकेलचा डबा घेऊन. कार्डावर माणसागणिक युनिटं. आजी गेली तेव्हा तिचं युनिट कमी करायला आई वर्षभर गेली नाही. दुकानदार विचारायचा, आजी कशी आहे? मी म्हणायचे, बरी आहे. मी नऊ वर्षांची असेन. आजीच्या नावाचा गहू आम्ही वर्षभर खाल्ला आणि मला दर महिन्याला त्या प्रश्नाची भीती वाटायची. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. अमेरिकेतल्या कोणा बाईने लिहिलेल्या पोरांच्या पुस्तकात ते माझ्या पुढ्यात येऊन बसलं.

जुईनगरला मान वर केली. पुढचं कळलं तेव्हा गाडी बेलापूर सोडून खारघरला पोचली होती. उतरून परत आले, लेट मार्क.

आता खरं सांगायचं ते. मी वाचणारी मुलगी होते. ठाण्याचं १८९३ सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय म्हणजे माझं दुसरं घर. फास्टर फेणेपासून सुरुवात करून कॉलेज होईपर्यंत कपाटंच्या कपाटं वाचली. मग नोकरी, लग्न, लेक, सासूबाईंचं आजारपण आणि मोबाईल. प्रदर्शनात पुस्तकं घेत राहिले, ती नीट प्लास्टिकमध्येच राहिली. गेल्या बारा वर्षांत एकही पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत नेलेलं नाही. कोणी विचारलं तर 'वेळ कुठे मिळतो' म्हणायचे, आणि रात्री दीड तास रील बघायचे. वेळ होता हो. धीर नव्हता. जड पुस्तक उघडायचं, चौथ्या पानावर मन भरकटायचं, मग स्वतःचाच राग यायचा, म्हणून उघडायचंच नाही.

इंग्रजीचं वेगळंच. मी मराठी माध्यमाची. दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते, जीएसटीची पत्रं वाचते, पण इंग्रजी कादंबरी आपल्यासाठी नसते असं पक्कं डोक्यात बसलेलं. इथे वाक्यं छोटी, सगळं 'मी'च्या तोंडून, सगळं वर्तमानकाळात. झाडावर चढते, खाली बघते, श्वास धरते. डिक्शनरी लागलीच नाही. आणि प्रकरणं! प्रत्येक प्रकरणाचा शेवट असा की पुढचं पान उलटावंच लागतं. मोजली, सत्तावीस. तीन भाग, प्रत्येकी नऊ. दुसरं पुस्तक आणलं, तेही सत्तावीस. तिसरं, सत्तावीस! नंतर कळलं, बाई आधी मुलांच्या टीव्ही मालिका लिहायच्या. ठाणे ते कोपरखैरणे एक प्रकरण, तिथून बेलापूर दुसरं अर्धं, असं माझं वेळापत्रक बसलं.

तीन पुस्तकं, पाच आठवडे. बारा वर्षांनंतर. वय वर्षं त्रेचाळीस, आणि पुस्तकं पंधरा वर्षांच्या मुलांची. कोणाला सांगायचीही लाज वाटतेय थोडी, म्हणून इथे सांगतेय. तुमच्यापैकी कोणाचं असं बंद पडलेलं वाचन कशाने सुरू झालं? आणि या मालिकेची पुढची दोन पुस्तकं कोणत्या क्रमाने वाचू?

वाशीकर (सोमवार, रात्री ११.४२)

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. आजीचा गहू वाचून थांबलो.

खाडीपल्याड (मंगळवार, सकाळी ७.५५)

ताई, भारी लिवलंय. मी घणसोलीचा, आगरी. ही पुस्तकं कॉलेजात असताना मित्राकडून घेऊन वाचलेली, तेव्हा तीरकामठा आणि मारामारीसाठी. तुमचा धागा वाचून रात्रीच पहिलं परत काढलं आणि मला भलतंच सापडलं. पाव.

कॅटनिसबरोबर मैदानात गेलेला बेकरीवाल्याचा पोरगा पीटा तिला प्रत्येक डिस्ट्रिक्टचा पाव कसा वेगळा ते सांगतो. अकरा नंबरचा चंद्रकोरीसारखा, वर बिया. चार नंबर म्हणजे मासेमारीवाला, त्यांचा पाव माशाच्या आकाराचा, समुद्री शेवाळ घालून हिरवट केलेला. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग त्यात काय, आपल्याकडे भाकरीवरून जिल्हा कळतो की. तांदळाची आपली, नाचणीची कोकणातली, बाजरीची नगरची, ज्वारीची सोलापूरची, कळण्याची खानदेशातली. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हाच ना शेवटी.

दुसरं एक. अकरा नंबर शेतीचा डिस्ट्रिक्ट, पण तिथली रू नावाची बारकी पोर सांगते की शेतातलं खाल्लं तर सगळ्यांसमोर चाबकाने मारतात. कॅटनिस तिला पाखराची भाजलेली तंगडी देते, तर अख्खी तंगडी एकटीला ही तिच्या आयुष्यातली पहिली वेळ. आमच्याकडे आजी सांगायची, मोठी कोलंबी पाटीत घालून मुंबईला, घरात जवला. पिकवणारा येगला, खाणारा येगला.

आजोबांची भातशेती होती तिथे आता सेक्टर आहे. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, ते आमच्याकडे घरातलं माणूस गेल्यासारखं सांगतात. गेलेल्या जमिनीबदल्यात परत मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाचा हिशेब तर पोराटोरांना पाठ. उगाच तुलना ताणत नाय, आमच्या कोणी पोरांच्या चिठ्ठ्या नाय काढल्या. पण उजेड कॅपिटॉलला आणि कोळसा खणणारे कॅटनिसच्या बारा नंबरात हे वाचताना पहिल्या वेळेला मला काही वाटलं नव्हतं, या वेळेला वाटलं.

जुना पिंपळ (मंगळवार, सकाळी १०.२०)

लेखन प्रांजळ आहे, अभिनंदन. पण मला एक विचारायचंय. मुलांनी मुलांना मारायचं आणि लोकांनी ते टीव्हीवर बघायचं, हे चौदा वर्षांच्या मुलीने रात्री अकरापर्यंत वाचावं? वर आईने कौतुक करावं? आमच्या वेळी नारायण धारपही घरच्यांची नजर चुकवूनच वाचावे लागायचे, मान्य. पण ती भुतं होती हो. भूत खोटं असतं हे वाचणाऱ्याला माहीत असतं.

शिवाय ठाण्यात राहून बारा वर्षांनी हातात घेतलेलं पुस्तक इंग्रजी निघावं याचं वाईट वाटलं. नौपाड्यातला म्हातारा आहे, राग नसावा.

शाळाबाई (मंगळवार, दुपारी २.१५)

काका, तुमच्यासारखी तक्रार करणारे अमेरिकेतही पुष्कळ आहेत. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत २०१० आणि २०११, दोन्ही वर्षी हे पहिल्या दहात होतं.

मी खारघरच्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. आपण मुलांना काय सांगतो ते आठवून बघा. एकचक्रा नगरी. बकासुर. रोज एका घराची पाळी, गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस. ब्राह्मणाच्या घरात कोणी जायचं यावर रडारड चाललीय, बाप म्हणतो मी, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि बोबडं बोलणारा लहानगा गवताची काडी घेऊन म्हणतो, मी याने मारतो राक्षसाला. ही गोष्ट आपण तीन वर्षांच्या मुलांना वरणभात भरवताना सांगतो! आपल्याला फक्त भीम येतो ते आठवतं. भीम येईपर्यंत त्या गावाने किती गाडे पाठवले असतील, हे कोणी विचारत नाही. कॉलिन्सबाई नेमकं तेच विचारते. तिने स्वतः ग्रीक गोष्टीचा संदर्भ दिलाय, अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली क्रीटला मिनोटॉरपुढे पाठवायचे, ती थिसियसची. गोष्ट जुनीच आहे, काका. टीव्ही तेवढा नवा.

आणि पुस्तकात मारामारीची मजा कुठेच नाही. रू मरते तेव्हा कॅटनिस तिच्या भोवती फुलं रचते आणि नंतर अकरा नंबरच्या उपाशी लोकांनी वर्गणी काढून तिला पाव पाठवलेला असतो. माझ्या वर्गातला एक दांडगा मुलगा तेवढ्या पानावर येऊन थांबला आणि 'बाई, पाणी पिऊन येऊ?' म्हणून बाहेर गेला. दहा मिनिटांनी आला. मी काही विचारलं नाही.

चहाबिस्कूट (मंगळवार, दुपारी ३.३०)

हे सगळं ठीक, पण ढापलंय हे कोणी बोलत नाही. जपानी 'बॅटल रॉयाल', कौशुन ताकामी, १९९९. शाळेतली मुलं, बेट, शेवटी एकच जिवंत. सिनेमाही २००० साली आला. हंगर गेम्स २००८ चं.

वाशीकर (मंगळवार, संध्याकाळी ६.०५)

चहाबिस्कूट, हा वाद निघणार हे माहीतच होतं. लेखिकेचं म्हणणं असं की तिचं पुस्तक लिहून देईपर्यंत तिने त्याचं नावही ऐकलं नव्हतं. तिला कल्पना सुचली ती रात्री टीव्हीचे चॅनेल बदलताना, एकीकडे रिअॅलिटी शोमध्ये तरुण मुलं स्पर्धा करतायत, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि झोपेच्या तारेत दोन्ही एकमेकांत मिसळली. वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला गेलेले. विश्वास ठेवा, ठेवू नका. मी दोन्ही वाचलीत. जपानी पुस्तकात वर्ग आहे, इथे भूक आहे. नावातच आहे. आणि पॅनेम हे लॅटिनमधून, 'पाव आणि तमाशे' या जुन्या रोमन टोमण्यातला पाव.

अवांतर: पुस्तकातला तीन बोटं वर करून केलेला सलाम थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी खरोखर वापरला. पोरांचं पुस्तक म्हणे.

चहाबिस्कूट (मंगळवार, संध्याकाळी ६.२०)

बरं बाबा. ढापलंय मागे घेतो. 'आठवण होते' असं म्हणतो.

शब्दकोडं (मंगळवार, रात्री ९.००)

जुना पिंपळ यांचा दुसरा मुद्दा, मराठीचा, मला महत्त्वाचा वाटतो. मी भाषांतराची कामं करते, त्यामुळे वाचताना डोक्यात सारखं मराठी चालू असतं. आणि यात मराठीला इतक्या गमती आहेत!

चिठ्ठी काढायच्या दिवसाला मुळात 'रीपिंग' म्हणतात, म्हणजे कापणी. शब्दशः 'कापणी' ठेवली तर विळा दिसतो पण चिठ्ठीचं भांडं दिसत नाही. 'सोडत' म्हटलं तर अर्थ चपखल, पण ठाणे-नवी मुंबईत सोडत म्हटलं की माणूस आधी विचारणार, कितव्या मजल्यावर लागलं घर? (खरं तर तो विनोदच तिथे हवाय. कॅपिटॉलची माणसं बक्षीस लागल्यासारखंच बोलतात.) चिठ्ठीत निघालेल्या मुलांना 'ट्रिब्यूट' म्हणतात, त्याला काय कराल? खंडणी म्हणजे पैसा. बळी म्हणजे आधीच मेलेला. नजराणा फार दरबारी. 'चौथाई' सुचली होती, पण ती आपण वसूल करायचो, त्यामुळे जरा पंचाईत.

मला 'पाळी' आवडतो. शाळाबाईंचा बकासुर वाचून आत्ताच सुचला. 'यंदा कोणाची पाळी?' एकदम गाव उभं राहतं. पण आता त्या शब्दाचा दुसराच अर्थ आधी मनात येतो, त्यामुळे गेला तोही.

खाडीपल्याड (मंगळवार, रात्री ९.३५)

आमच्या आजीने 'वारी' म्हटलं असतं. 'यंदा कुनाची वारी?' म्हणजे नंबर कोणाचा.

शब्दकोडं (मंगळवार, रात्री ९.४१)

अहो, हा कुठे होता इतके दिवस! पण मराठी वाचक पंढरपूरला निघायचा हो त्या शब्दावर. तरी लिहून ठेवते.

मध्यांतर (बुधवार, सकाळी ८.४०)

मी उलटा आलो. २०१२ चा सिनेमा आधी, पुस्तकं नंतर. सिनेमे चांगलेच आहेत, पण एक मोठी गोष्ट हरवते. पुस्तकात कॅटनिस सतत हिशेब करत असते. कॅमेरा आता आपल्यावर असेल, मी हसले तर बघणारे पैसे भरतील आणि वरून औषध येईल, रडले तर नाही. पीटाशी ती जे वागते त्यातलं खरं किती आणि कॅमेऱ्यासाठी किती, हे तिलाच कळेनासं होतं. सिनेमात आपण बाहेरून बघतो, म्हणजे चक्क कॅपिटॉलच्या प्रेक्षकांतच जाऊन बसतो. आणि (पुढचं वाक्य न वाचलेल्यांनी सोडावं) पहिल्या पुस्तकाच्या शेवटी पीटाचा पाय जातो, कृत्रिम बसवतात. सिनेमावाल्यांनी तो शाबूत ठेवला.

रोजमेळताई, तुम्ही तिसऱ्या पुस्तकाबद्दल काहीच लिहिलं नाही. मला ते फार कंटाळवाणं गेलं. नुसतं जमिनीखाली बसून असतात, आणि नायिका निम्मं पुस्तक दवाखान्यात. चाळीस पानं कापली असती तर बिघडलं नसतं. की मीच चुकतोय?

इंग्रजी मिडीयम (बुधवार, दुपारी १२.१०)

इथल्या सरासरीपेक्षा लहान आहे मी (१९), मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका माफ. तिसरं पुस्तक बोअर आहे असं सगळे म्हणतात, पण ते मुद्दाम तसं आहे असं मला वाटतं. पहिल्या दोन पुस्तकांत आपण पण एन्जॉय करतो ना, आता कोण मरणार, आता कोण जिंकणार. तिसऱ्यात ती मजाच काढून घेतली आहे. वॉर म्हणजे वेटिंग आणि हॉस्पिटल.

आणि बंड करणाऱ्यांची प्रेसिडेंट कॉइन पण क्लीन नाही. हे मला चौदाव्या वर्षी आवडलं नव्हतं. मला वाटलं होतं वाईट लोक हरले की संपलं.

पुढच्या दोनचा क्रम: आल्या त्या क्रमानेच वाचा. आधी २०२० चं, ते स्नो (मूळ पुस्तकांतला कॅपिटॉलचा प्रेसिडेंट) अठरा वर्षांचा असतानाचं, दहाव्या गेम्सचं. मग २०२५ चं, ते कॅटनिसचा मेंटॉर हेमिच याचं, पन्नासाव्या गेम्सचं, त्या वर्षी चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस मुलं असतात. काळाप्रमाणे आधी ही दोन आणि मग मूळ तीन असं काही लोक सांगतात, ऐकू नका. हेमिच आधी दारुडा म्हणूनच भेटायला हवा.

जुना पिंपळ (बुधवार, दुपारी ४.५०)

शाळाबाई, बकासुराचा मुद्दा खाली बसवून गेला. ब्राह्मणाचा लहानगा आणि ती गवताची काडी मी विसरलो होतो. नातीला विचारलं, हे पुस्तक माहीत आहे का. म्हणाली, आजोबा, घरात आहे, तुमच्याच कपाटात, तुमच्या ज्ञानेश्वरीमागे ठेवलंय. हल्लीच्या मुलांना लपवायला जागा मात्र चांगल्या सापडतात.

अक्षर बारीक आहे. तिला सांगितलंय, रोज दोन पानं तू वाच आणि मला मराठीत सांग.

शब्दकोडं (बुधवार, संध्याकाळी ५.०५)

काका, 'रीपिंग'ला ती काय म्हणते ते नक्की कळवा.

रोजमेळ (बुधवार, रात्री १०.३०)

इतके प्रतिसाद! ऑफिसात क्लोजिंग चालू आहे, म्हणून उशीर.

आधी एक दुरुस्ती. लेकीने धागा वाचला (दाखवावाच लागला) आणि तिचं म्हणणं असं की तिने कव्हर फसवायला घातलं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकाचं कव्हर फाटलं म्हणून काढलं आणि वाया जाऊ नये म्हणून यावर चढवलं. लेबल आधीचंच. मी म्हटलं, कव्हर मोठं होतं, मग कापून बसवलं ना? त्यावर उत्तर नाही. शिवाय तिला राज्यशास्त्रात या वेळी वीसपैकी सतरा आहेत, त्यामुळे माझी बाजू जरा पडलेलीच आहे.

जुना पिंपळ काका, राग कसला. मला तुमची शंका आली होतीच, म्हणून तर पाच आठवडे मी तिच्या मागोमाग वाचत होते. एके रात्री भांडी घासताना तिला विचारलं, तू तिथे असतीस तर धान्य घेतलं असतंस का, चिठ्ठी वाढवून? ती म्हणाली, आपल्या घरात तिघंच आहेत, त्यामुळे वर्षाला तीनच. जणू उत्तर तयारच होतं. मग म्हणाली, पण तू घेऊ दिलं नसतंस. मग मी तिला आजीच्या गव्हाचं सांगितलं. दुकानदार काय विचारायचा, मी काय सांगायचे, सगळं. तिने ताट पुसता पुसता विचारलं, मग तू खोटं बोललीस तेव्हा घाबरली नाहीस? म्हटलं, दर महिन्याला.

मध्यांतर, तिसऱ्यावर मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. शेवटाकडे एक गोष्ट घडते (वाचलेल्यांना कळेल, धाकट्या बहिणीबद्दलची). ती मी सीवूड्स आणि बेलापूरच्या मध्ये वाचली आणि उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. अख्खी मालिका सुरू झाली ती त्या बहिणीच्या एका चिठ्ठीपासून, ती निघाली म्हणून तिच्या जागी कॅटनिस गेली. तिची एकच होती. हजारोंत एक. तो आकडा मी पहिल्या दिवशी बिलावर मांडलाच नव्हता, कारण त्यात मांडण्यासारखं काही नव्हतं. लेट मार्क लागला त्याही दिवशी. कंटाळवाणं म्हणाल तर हो, मधली पानं मलाही जड गेली. पण 'इंग्रजी मिडीयम' म्हणतेय ते पटलं, आणि तुझं मराठी झकास आहे गं.

खाडीपल्याड, तुमच्या आईंचं भाकरीवालं मी आमच्या डब्यात सांगितलं. सकाळच्या गाडीतल्या बायकांमध्ये त्यावरून तुर्भे येईपर्यंत भांडण चाललं, कारण आमच्यात एक खानदेशातली आहे आणि तिचं म्हणणं की कळण्याच्या भाकरीचं नाव शेवटी घेणं बरोबर नाही.

शनिवारी ग्रंथ संग्रहालयात जाऊन वर्गणी भरून आले. जुनं कार्ड दाखवलं, पिवळं पडलेलं, तर काउंटरवरच्या बाईंनी ते उलटसुलट बघितलं आणि नवा फॉर्म दिला. सध्या पर्समध्ये एक मराठी कथासंग्रह आहे, कोणाचा ते पूर्ण झाल्यावरच सांगेन. गेल्या बारा वर्षांचा अनुभव बघता आधी बोलायला नको. सव्वाशे पानं झालीत.

फक्त २०२० चं पुस्तक संग्रहालयात मिळालं नाही आणि लेकीच्या मैत्रिणीकडचं कोणीतरी नेलंय. कोणाकडे आहे का? आठवड्यात परत करते, कव्हर घालून.

खाडीपल्याड (बुधवार, रात्री १०.४८)

माझ्याकडे आहे. पण मी घणसोलीला चढतो, तुम्ही ठाण्याहून येता, आणि गाडी घणसोलीला थांबते तरी किती! फलाटावर उभा राहतो, दारातून हातात देतो. कितीची गाडी, कुठला डबा?

रोजमेळ (बुधवार, रात्री १०.५२)

आठ बावीसची पनवेल. लेडीज, मधला. दारात मटार सोलणारी बाई उभी असेल, तिच्याकडे द्या, मी आत बसलेली असते. तिला सांगून ठेवते.

खाडीपल्याड (बुधवार, रात्री १०.५५)

चालतंय. आईने सुका जवलाही द्यायला सांगितलाय, पुस्तकापासून वेगळ्या पिशवीत देतो.